बॅगेत कुकर दिला, स्वयंपाक राहून गेला

गेल्या महिन्यात आमच्या झिंजच्या फ्लॅटवर एक नवा मुलगा राहायला आला. बार्शीकडचा, वय तेवीस. आल्या आल्या त्यानं बॅग उघडली आणि तीस किलोंत घरच्यांनी काय काय बसवलं होतं ते बघून आम्ही थक्क झालो. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट, काळा मसाला, पापड, लोणच्याच्या बरण्या आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेला तीन लिटरचा कुकर. सगळं ओट्यावर मांडून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "दादा, एक वाटी तांदळाला पाणी किती घालायचं?"

मला हसू आलं नाही. दहा वर्षांपूर्वी मीही असाच आलो होतो.

मी सांगलीकडचा. घरात बहिणीला दहावीच्या आधीच पोळ्या यायला लागल्या होत्या. मी फक्त ताटावर बसायचो. निघताना आईनं मला सगळं दिलं, पण स्वयंपाक काही दिला नाही. तो बॅगेत बसत नाही ना! मग पहिल्याच आठवड्यात मी कुकरमध्ये वरण लावलं, वाटीभर डाळीला वाटीभरच पाणी घातलं आणि शिट्ट्या मोजत फोनवर बोलत बसलो. शिट्टी काही झालीच नाही. पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळला आणि भस्सकन वाफ बाहेर आली. पलीकडच्या खोलीतल्या मल्याळी चेट्टननं धावत येऊन गॅस बंद केला. तेव्हा कळलं की तो व्हॉल्व्ह शोभेचा नसतो. पाणी संपून कुकर तापला की फुटण्याआधी तोच स्वतःचा बळी देतो. नवा व्हॉल्व्ह मात्र लगेच मिळाला. बाब-अल-बहरीनच्या मागच्या सुकात, देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत, आपल्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या, रिंगा, सगळं मिळतं.

दुसरा पराक्रम मिक्सरचा. इथले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चपट्या तीन पिनांचे. आपली पिन गोल. ती आत जाईना, म्हणून मी वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसलं आणि पिन दाबून बसवली. इथे कित्येक जण असंच करतात. पण मी स्वतः एसी मेंटेनन्समधला माणूस! ते झाकण मुलांची बोटं आणि आपली अक्कल, दोन्हींपासून संरक्षण म्हणून असतं. पिन सैल बसते, तापते, अर्थिंगही नीट लागत नाही. खरं तर वीज इथेही आपल्यासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 सायकल. मिक्सर छान चालतो. फक्त प्लग बदलून घ्यायचा, बस्स.

तिसरी गोष्ट लूमीची. लूमी म्हणजे वाळवलेलं काळं लिंबू. इथल्या मचबूस भातात ते घालतात. एकदा आमसुलं संपली म्हणून मी आमटीत दोन लूमी अख्ख्या टाकून दिल्या. आमटी अशी कडू झाली की चेट्टननं पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं. शेजारच्या बहारिनी आजींनी नंतर समजावलं: लिंबू फोडायचं, बिया काढायच्या, मग टाकायचं. याच आजींनी रमजानमध्ये बलालीत पाठवलं होतं. म्हणजे केशर-वेलचीच्या गोड शेवया आणि वर चक्क ऑम्लेट. आधी दचकलो, मग ताट पुसून खाल्लं. रिकामी ताटली परत द्यायची नाही हे आईचं वळण, म्हणून शेंगदाणा-गुळाचे लाडू वळून दिले. आजी बटाट्याला 'आलू' म्हणतात आणि लोणच्याला 'आचार'. नवल नाही. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता.

इथवर सगळी गंमतच. आता गमतीत न सांगता येणारी गोष्ट.

कुकर आणि आमटीच्या या फजित्यांनंतर मी हळूहळू स्वयंपाकाचा नादच सोडला. सकाळी कॅफेटेरियातला पराठा, दुपारी खुबूस आणि जे मिळेल ते, दिवसभरात पाच-सहा कडक. कडक म्हणजे इथला दाट दुधाचा गोडमिट्ट चहा. रात्री पुन्हा खुबूस. पैसे वाचायचे, वेळ वाचायचा, वाचलेले पैसे घरी जायचे. बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची, "जेवलास का रे?" मी रोज म्हणायचो, "हो, जेवलो." दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत साखर वाढलेली निघाली. वय चौतीस. डॉक्टरांनी औषधाच्या आधी एकच प्रश्न विचारला, "घरी कोण शिजवतं?" उत्तर द्यायला माझ्याकडे कुणी नव्हतं. घरी हे मी सहा महिने सांगितलं नाही.

आमच्या जवळच अधारी नावाचा प्रसिद्ध झरा होता. आता तिथे बाग आहे. जुन्या काळी त्याचं पाणी पाटांनी लांबच्या शेतांना जायचं आणि जवळची जमीन कोरडी राहायची. म्हणून बहारिनी माणूस म्हणतो, "अधारीसारखा: लांबच्याला पाजतो, जवळच्याला विसरतो." आजींनी ही म्हण सांगितली तेव्हा मला वाटलं, ही आपल्या आखातातल्या पोरांसाठीच केलेली आहे. गावाकडे सगळं हिरवं करायचं आणि स्वतःच्या ताटात कोरडा खुबूस.

कुणी म्हणेल, बारा तासांच्या ड्यूटीनंतर शेगडीजवळ उभं राहायला अंगात जोर कुठे असतो? बरोबर आहे. कॅम्पमध्ये राहणाऱ्या कितीतरी जणांना शेगडीच नसते, मेसमध्ये येईल ते खावं लागतं. त्यांना मी काय शहाणपण शिकवणार! मी बोलतोय ते ज्यांच्या खोलीत शेगडी आहे आणि तिच्यावर फक्त चहा होतो, त्यांच्याबद्दल. आठवड्यातून एका शुक्रवारी दोन तास काढले तरी पुष्कळ होतं. मटकी भिजवून ठेवली तर इथल्या उकाड्यात मोड यायला फार वेळ लागत नाही. उसळ, वरण आणि एक परतलेली भाजी करून डबे भरून ठेवले की आठवड्याचे तीन-चार दिवस निघतात. माझी साखर पूर्ण खाली आली असं म्हणणार नाही, पण औषध वाढलेलं नाही. कडक आता दिवसाला एक, तोही बिनसाखरेचा.

म्हणून गावाकडे हे वाचणाऱ्या आई-वडिलांना, काका-मावशींना हात जोडून सांगणं आहे. पोराचा व्हिसा यायला आठवडे लागतात, ते फुकट घालवू नका. त्याला रोज स्वयंपाकघरात उभं करा. भात, वरण, एक उसळ, एक भाजी, पोहे आणि वेडीवाकडी का होईना पोळी, एवढं आलं तरी पोरगं तरतं. मुलीला शिकवता तसंच, तितक्याच सहजपणे शिकवा. लोणच्याची बरणी दोन महिन्यांत संपते. हाताला आलेली आमटी संपत नाही.

आणि फोनवर "जेवलास का?" विचारू नका. त्याला "हो" एवढंच उत्तर असतं आणि ते खोटंही असू शकतं. "आज काय केलंस जेवायला?" असं विचारा. उत्तर द्यायला जरा वेळ लागला, की समजून जा.

बार्शीच्या पोराला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, "एक वाटीला दोन वाटी, आणि फोन बाजूला ठेव." भात जरा गिचका झाला. मेतकूट आणि तूप घालून आम्ही तिघांनी तो संपवला. नंतर त्यानं आईला फोन लावला आणि तिनं विचारायच्या आधीच सांगितलं, "आई, आज भात मी लावला."