डाव्या बुटाचा ओरखडा

दुकानात दुरुस्तीला आलेली ऑफिसच्या बुटांची कोणतीही जोडी उचला. मालक मोटारसायकलवाला आहे की नाही, हे डावा बूटच सांगतो. चवड्यावर, लेसच्या जरा पुढे, अंगठ्याएवढा पट्टा घासून पांढुरका झालेला असतो. गिअर पायाने वर उचलायचा म्हटल्यावर लिव्हर तिथे घासणारच. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा पॉलिश मारून द्या." आणि आपण मारून देतो.

पॉलिश म्हणजे मेण आणि थोडा रंग. ओरखड्यात मात्र चामड्यावरचा रंगाचा थरच निघून गेलेला असतो, कधी खालचा दाणाही सोलवटलेला असतो. मेणाने ही जागा चार दिवस झाकली जाते, एका पावसात पुन्हा उघडी पडते. वर त्या मेणावर पुढे खरा रंग धरत नाही, म्हणजे पुढच्या कारागिराचं काम आपणच वाढवून ठेवतो.

पॉलिशची डबी उघडण्याआधी टाचेजवळ पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला, तर वर रंगाचा जाड थर आहे. बाजारातले बहुतेक काळे बूट याच जातीचे. थेंब मुरून डाग गडद झाला, तर चामडं उघडं आहे आणि हात जपून चालवायचा. उमेदवारीच्या दिवसांत मी अशाच एका तपकिरी बुटावर थिनरचा बोळा फिरवला होता. मेण निघालं, पण त्याबरोबर रंगही निघाला आणि नवा बूट भरून द्यावा लागला.

थर असलेल्या बुटावर आधी जुनं मेण पूर्ण काढा. सोललेल्या कडा 400 ते 600 नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने बसवा. खड्डा खोल असेल तर फिलर पातळ-पातळ भरा, प्रत्येक थर वाळू द्या. घाईत एकदम भरलेला फिलर बूट वाकतो तिथेच तडकतो, आणि गिअरचा पट्टा नेमका त्या घडीच्या आसपास असतो. रंग स्पंजने, विरळ, दोन-तीन हातांत. तो फक्त ओरखड्यापुरता न लावता शिवणीपासून शिवणीपर्यंत लावा, नाहीतर ठिगळ दिसतं. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात दगा देते, म्हणून ती दुकानाच्या दारात येऊन जुळवा, तीही रंग वाळल्यावरच. वर लॅकर, आणि मग पॉलिश. त्या डबीची पाळी आत्ता येते.

कोल्हापुरीचं शास्त्र वेगळं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं ते कातडं आतपर्यंत एकाच रंगाचं असतं, त्यामुळे वरवरचा ओरखडा रंग न लावताही बराच बुजतो. किंचित ओलसर करायचं, चमच्याच्या पाठीने घोटायचं, सावलीत वाळवून तेलाचा पुसटसा हात फिरवायचा. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वहाणेला आपल्यातलेच काही जण बुटाचं टॅन पॉलिश फासतात. मग गिऱ्हाइकाचे पाय रंगतात आणि नाव कोल्हापूरचं खराब होतं.

रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर काम घेऊ नका. खालचं कापड दिसायला लागल्यावर कोणताही रंग ते सुटणं थांबवत नाही. स्पष्ट सांगा, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आता पैशांचं. ओरखड्याच्या या कामाला वाळण्याचा वेळ धरून अर्धा दिवस जातो आणि आपण पॉलिशचाच भाव लावतो. म्हणून कोणी हे काम नीट करत नाही, आणि नीट होत नाही म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही. पाटीवर 'पॉलिश' आणि 'रंगदुरुस्ती' असे दोन भाव वेगळे लिहा. रंगदुरुस्तीचा बूट आज घेऊन उद्या द्या, आणि देताना गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या गाडीपर्यंत जा. गिअर लिव्हरवरचं रबर बहुधा फाटलेलं असतं. ते बदललं नाही, तर महिन्या-दोन महिन्यांत तोच बूट तोच ओरखडा घेऊन तुमच्यापुढे येईल, आणि तेव्हा गिऱ्हाईक रंग कच्चा होता असंच म्हणेल.