क्रिकेट समजून घेऊ या : बाळू पालवणकरांचा चेंडू

टीव्हीवर मॅच लागली की घरात दोन तट पडतात. एक टीव्हीपुढे, दुसरा गॅसपुढे. आतून कुणी विचारले, "काय झालं एवढं ओरडायला?" की बाहेरून उत्तर येते, "तुला नाही कळायचं." हे उत्तर आम्हाला मुळीच मान्य नाही. जी माउली दूधवाल्याचे खाडे, वाण्याची उधारी आणि शाळेची फी एका पगारात बसवते, तिला क्रिकेटचा हिशेब कळणार नाही असे कसे होईल? आणि आता तर २०२५ साली नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनीच विश्वचषक जिंकून दाखवला आहे. तेव्हा माता-भगिनींनो, आज हा खेळ समजून घेऊ या. त्यासाठी जुन्या काळातला आपल्यातलाच एक गोलंदाज सोबत घेऊ.

विटीदांडू सर्वांनी पाहिला आहे. दांडूने विटी मारायची, समोरच्याने ती वरचेवर झेलली तर मारणारा बाद. क्रिकेट समजायला एवढी शिदोरी पुरेशी आहे. इथे अकरा-अकरा जणांचे दोन संघ असतात. मैदानाच्या मध्यभागी ६६ फुटांची खेळपट्टी, म्हणजे चाळीतल्या सहा-सात खोल्या ओळीने धरा. तिच्या दोन्ही टोकांना तीन-तीन दांड्या रोवलेल्या, त्यांना यष्ट्या म्हणतात. एका टोकाकडून गोलंदाज चेंडू टाकतो, दुसऱ्या टोकाचा फलंदाज आपल्या यष्ट्या सांभाळत तो टोलवतो. टोलवून दोघे फलंदाज धावत जागा बदलतात, ती एक धाव. चेंडू टप्पा खात सीमेपार गेला तर चार धावा, न टेकता गेला तर सहा. सहा चेंडूंचे एक षटक. षटक संपले की दुसरा गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून टाकतो.

अकरांतले दहा बाद झाले की डाव संपतो, कारण उरलेल्या एकट्याला जोडीदार राहत नाही. बाद झालेल्याला 'गडी' किंवा 'विकेट' म्हणतात. ट्वेंटी-ट्वेंटी म्हणजे प्रत्येकी २० षटकांचा सामना, एकदिवसीय म्हणजे ५० षटकांचा. कसोटी पाच दिवसांची, तीत दोन्ही संघांना दोन-दोन डाव.

आता "अमुक इतक्या धावांनी जिंकले" म्हणजे काय, ते एका खऱ्या सामन्यावरून पाहू. १९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. त्या काळी संघ धर्मावरून पडत. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या, बेरीज ४०२. युरोपियनांनी १९१ आणि १०२, बेरीज २९३. फरक १०९ चा, म्हणून हिंदू १०९ धावांनी जिंकले. शेवटी खेळणाऱ्या संघाने बेरीज ओलांडली, तर त्याचे जेवढे गडी शिल्लक असतील तेवढ्या गड्यांनी तो जिंकला असे म्हणतात. झाला हिशेब!

या सामन्यात युरोपियनांचे आठ गडी एकट्या माणसाने बाद केले. पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात पाच. त्यांचे नाव बाळू पालवणकर. जातीने चांभार.

बाळूंची सुरुवात पुण्यात झाली. एका पारशी क्लबात मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते गोलंदाज झाले. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करी. आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, असेही सांगतात. पण सरावाच्या जाळीत बाळूंना कधी कुणी फलंदाजी करू दिली नाही. इथे खेळातली एक गोम लक्षात घ्या. फलंदाजी हे मानाचे काम आणि गोलंदाजी हे घामाचे, असे तेव्हा समजले जाई. बॅट साहेबाच्या हाती आणि चेंडू टाकायला मजूर. टाळ्या आजही षटकारालाच जास्त पडतात, हे तुम्ही पाहताच.

बाळू डाव्या हाताने फिरकी टाकत. फिरकी म्हणजे हळू चेंडू, पण बोटांनी पीळ देऊन सोडलेला. जमिनीला टेकला की तो वळतो. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या अंगाकडून बाहेर निघून जातो. फलंदाज बॅट घालतो तेव्हा चेंडू समोर असतो, बॅट पोहोचेपर्यंत सरकलेला असतो. मग नुसती कड लागते आणि मागे उभा असलेला झेल घेतो. किंवा फलंदाज पुढे धावून मारायला जातो, चुकतो, आणि मागचा यष्टिरक्षक यष्ट्या उडवतो. यात जोर कमी आणि डोके जास्त. खेळपट्टी कुठे ओली, कुठे भुसभुशीत, हे ओळखावे लागते. ज्याने तिच्यावर रोज रोलर ओढला, त्याला ती कुणी शिकवायची?

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बरीच चर्चा करून बाळूंना संघात घेतले. आता चेंडूचा प्रवास पाहा. गोलंदाज टाकतो, फलंदाज मारतो, क्षेत्ररक्षक उचलतो, यष्टिरक्षकाकडे फेकतो, तिथून हातोहात तो पुन्हा गोलंदाजाकडे येतो. दिवसातून शेकडो वेळा. चेंडूच्या आत बूच आणि दोरा, वरून शिवलेले चामडे. ज्या चामड्यामुळे बाळूंच्या जातीला वेशीबाहेर ठेवले, त्या चामड्याचा चेंडू, तोही बाळूंच्या हातातून निघालेला, झेलायला उच्चवर्णीय हात पुढे होत होते. मग चहाची वेळ होई. बाकीच्यांना आत कपबशीत चहा, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. मैदानात विटाळ नव्हता, तंबूशी आला की होता. असला विटाळ कुठल्या शास्त्रात बसतो ते त्यांनाच ठाऊक.

१९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी तिथे ११४ गडी बाद केले, एका गड्यामागे १९ पेक्षाही कमी धावा देऊन. गोलंदाजाची सरासरी ती हीच, जितकी कमी तितकी चांगली. संघाचे कर्णधार होते पटियालाचे महाराज, जे त्या दौऱ्यात थोडेच सामने खेळले.

कर्णधार म्हणजे काय, हे सांगायचे राहिले. नाणेफेक जिंकल्यावर आधी काय करायचे, चेंडू कुणाला द्यायचा, कुणी कुठे उभे राहायचे, हे सगळे तो ठरवतो. बाकी दहा जणांनी त्याचे ऐकायचे असते. चेंडू कुणीही टाकावा, हुकूम कुणी सोडावा हा प्रश्न मात्र वेगळा. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी दुसरा नव्हता, तरी कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांना मिळाले. पै हे सरळ मनाचे गृहस्थ. हा मान बाळूंचा होता, असे ते जाहीर सभेत बोलले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदाचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निवेदन देऊन संघाबाहेर पडले. संघाला दोन चांगले फलंदाज गमावणे परवडणारे नव्हते. अंतिम सामन्यात भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धा जिंकला. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक मराठीतच आहे.

काही वाचक म्हणतील, हे बाळू १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले होते, त्यांचे कौतुक कशाला? उभे राहिले हे खरे, आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले हेही खरे. मतदारांनी त्यांना तिथेच उत्तर दिले. पण त्या मातीच्या भांड्यातला चहा त्यांनी काँग्रेसवाले म्हणून घेतला नव्हता. राजकारणात ते चुकले असे आम्हीही म्हणतो. त्यांचे गडी मात्र कुणाला वजा करता येणार नाहीत.

आता पुढच्या मॅचला डावखुरा फिरकी गोलंदाज आला की हातातले काम बाजूला ठेवून दोन षटके पाहा. बॅटकडे नव्हे, टप्पा पडल्यावर चेंडू कुठे जातो तिकडे पाहा. पंचाने बोट वर केले आणि यष्ट्या तर जागेवरच आहेत, असे दिसले तर गोंधळू नका. त्याला पायचीत म्हणतात. ती भानगड जरा लांबलचक आहे, पुढच्या अंकी घेऊ.