प्रश्नावली माणूस ओळखते का?

मोबाईलवर दहा-वीस प्रश्नांची उत्तरे दिली की 'तुमचा स्वभाव असा आहे' असा निकाल मिळतो. मग घरात त्याचा शिक्का बसतो. सूनबाई संशयी, धाकटा भाऊ रागीट, आलेल्या रिश्त्यातला मुलगा आत्मकेंद्री! अशा चाचण्यांवर विसंबावे किती?

तज्ज्ञांच्या प्रश्नावलीचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली 'डीएसएम-५' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याशी जोडलेल्या 'पीआयडी-५' या प्रश्नावलीत २२० विधाने आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देऊन त्रासदायक स्वभावाच्या २५ छटा मोजल्या जातात.

अशा मापनाच्या दोन कसोट्या कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ साली मांडल्या. एकच गुण दोन रीतींनी मोजला तर निकाल जुळले पाहिजेत. आणि वेगवेगळे गुण मोजले तर निकाल वेगळे आले पाहिजेत. पहिल्या कसोटीला ही प्रश्नावली बऱ्यापैकी उतरते. दुसरीला मात्र ती कमी पडते. एका छटेत जास्त गुण पडलेल्या माणसाला इतर अनेक छटांतही जास्त पडतात. 'वैरभाव' तर भावनिक अस्थिरता आणि इतरांशी विरोधाने वागणे, या दोन्ही गटांत मोडतो.

असे का होते? मन खचलेला माणूस स्वतःबद्दलच्या बहुतेक प्रश्नांना वाईटच उत्तरे देतो. काहींना प्रत्येक विधानाला 'हो' म्हणण्याची सवय असते, आणि इथली बहुतेक विधाने एकाच दिशेची आहेत. शिवाय खऱ्या आयुष्यातही हे स्वभाव एकमेकांत मिसळलेले असतात.

म्हणजे प्रश्नावली थर्मामीटरसारखी आहे. ताप आहे हे कळते. मलेरिया की टायफॉईड, हे त्यावरून ठरत नाही. म्हणूनच तज्ज्ञ केवळ कागदावर थांबत नाहीत. ते समोर बसवून बोलतात, पूर्वीचा इतिहास विचारतात, घरच्यांचेही ऐकतात. पीआयडी-५ चा एक नमुना तर जवळच्या माणसाने भरण्यासाठीच आहे.

तेव्हा भगिनींनो, बंधूंनो, गुण जास्त आले तर 'याला त्रास होतो आहे' एवढाच अर्थ घ्या आणि डॉक्टरांकडे चला. त्या कागदावरून कुणाचा रिश्ता मोडू नका, की लेकरावर जन्मभराचे नाव चिकटवू नका.