मृग आभाळात नको, ओलीत शोधा

शेतकरी बंधूंनो, जून लागला की गावोगाव एकच विचारणा होते, "साहेब, मृग कधी निघतोय?" पंचांग पाहून उत्तर देता येते: 7 किंवा 8 जून. पण हा मृग रात्री आभाळात शोधाल तर सापडणार नाही.

मृग निघाला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. सूर्याबरोबरच ते उगवते आणि मावळते, म्हणून सध्या दिसत नाही. त्यातले तिकांडे आपल्याला दिसते ते थंडीत, रब्बीला रात्रीचे पाणी देताना. मार्गशीर्ष महिन्याचे नावही याच नक्षत्रावरून पडले.

या महिन्यात ढग नसतील तेव्हा रात्री नऊच्या सुमारास अंगणात उभे राहा. आग्नेयेला नांगी वळवलेला विंचू आणि त्यातली तांबूस ज्येष्ठा दिसेल. डोक्यावर नारिंगी स्वाती, तिच्या दक्षिणेला पांढरी चित्रा आणि उत्तरेकडे, जरा वायव्येला झुकलेले सप्तर्षी. पोराबाळांना हे जरूर दाखवा. मात्र पेरणीचा सल्ला या चांदण्यांना विचारू नका.

सूर्य वर्षभरात 27 नक्षत्रांतून जातो. एकेका नक्षत्रात 13-14 दिवस. त्यामुळे मृगाची तारीख दरसाल जवळपास तीच येते. पावसाचे तसे नाही. 2023 साली मान्सून केरळात 8 जूनला आला आणि मुंबईत पोचला 25 जूनला. तोवर मृग सरून आर्द्रा लागल्या होत्या. नक्षत्राने आपला वायदा पाळला, पावसाने पाळला नाही. वाहन बेडूक असो की कोल्हा, बियाण्याला ओलच लागते.

वळवाच्या एक-दोन सरींवर तिफण धरली की वरची माती ओली आणि खालची कोरडी राहते. बी उगवते, पावसाचा खंड पडतो आणि कोंब करपतात. मग दुबार पेरणी. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे सगळे पुन्हा, तेही बहुधा उधारीवर. चार दिवसांची घाई अशी वर्षभर नडते.

म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. मोजायला सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहून ठेवा व डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. मग खुरप्याने उकरून ओल वीतभर खाली गेली का ते बघा आणि वापसा आल्यावरच पेरा. वाट पाहण्याचे दिवस वाया घालवू नका. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. 70 उगवले तर बियाणे पेरणीजोगे समजा.

सरपंच व ग्रामसेवकांनाही एक विनंती आहे. मंडळाच्या ठिकाणी पाऊस मोजतात खरा, पण एका शिवारात पडतो अन् शेजारच्या शिवारात पडत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या गावचा पाऊस मोजून रोज फळ्यावर लिहावा. खर्च एका डब्याचा, पण त्यातून कित्येकांचे बियाणे वाचेल.

मृगाची पूजा जरूर करा. तिफण मात्र ओल पाहूनच जुंपा.