कूलर लावण्याआधी

जळगावात जुनं घर घेणारा माणूस भिंतीची ओल बघतो, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का ते शेजाऱ्याला विचारतो, सिटी सर्व्हेचा उतारा वकिलाकडून तपासून घेतो. मीटरशेजारच्या लाकडी फळीकडे मात्र कोणी मान वर करून बघत नाही. आम्ही घेतलेल्या घरात त्या फळीवर लोखंडी मेन स्विच होता, खाली चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजची रांग, आणि त्यातल्या एकात फ्यूज वायरच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली.

ती तार कोणी, कशासाठी घातली हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर, रात्री कूलर, फ्रिज आणि पाण्याची मोटर एकदम सुरू, फ्यूज उडतो. लेकरं घामाने रडतात, आणि अंधारात हाताला लागेल ती तार घातली जाते. फ्यूज उडायचा थांबतो. तापते ती भिंतीतली वायर. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत, धाब्याच्या घरांत, सागाच्या तुळयांवरून लाकडी पट्टीने नेलेल्या रबरी वायरी मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांचं रबर बोट लावलं की भुगा होऊन पडायचं. वर सुकं लाकूड.

पण मला आगीपेक्षा कूलरची भीती जास्त वाटते. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय. कूलरमध्ये पाणी भरताना धक्का लागून कुणीतरी गेल्याची बातमी आपल्याकडे उन्हाळ्यात येतेच, आणि बऱ्याचदा ती घरातली बाई किंवा लहान मूल असतं. 15 अँपिअरचा फ्यूज अशा वेळी जागचा हलत नाही, कारण तो वायर जळू नये म्हणून बनवलेला आहे. माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह काही क्षण गेला तरी जीव धोक्यात येतो. फ्यूजचा आकडा त्याच्या पाचशे पट आहे.

‘अर्थिंग आहे ना’ हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, खोलवर सुकते. कोळसा-मीठ घालून पुरलेल्या पाइपात पाणी ओतलं नाही तर अर्थिंगचा रोध वाढत जातो. समजा तो 20 ओहम झाला. 230 व्होल्टला 20 ने भागा : साडेअकरा अँपिअर. म्हणजे कूलरच्या पत्र्यात वीज उतरूनही 15 चा फ्यूज शाबूत, फ्यूजच्या जागी येणारी, आपोआप पडणारी 16 ची एमसीबीसुद्धा शाबूत, आणि पत्रा जिवंत. अर्थिंग हवंच, पण त्याच्या जोडीला आरसीसीबी हवी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते.

आमचे वायरमन परवानाधारक आणि वयाने मोठे. त्यांनी आधी न्यूट्रलवरचा फ्यूज काढला. जुन्या काळी दोन्ही तारांवर फ्यूज असायचे. न्यूट्रलचा उडाला की पंखा बंद पडतो, घरच्यांना वाटतं वीज गेली, आणि फेज तसाच बसलेला असतो. ‘भाऊ, बंद पंख्याला हात लावणारा असाच फसतो,’ ते म्हणाले. मीटरच्या अलीकडचं सील महावितरणचं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. पुरवठा रीतसर बंद करून घेतला. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि 6 ची एमसीबी, प्लगला अडीचची आणि 16 ची. मेगर लावून 500 व्होल्टवर इन्सुलेशन तपासलं. किमान एक मेगाओहम हवा. मागच्या खोलीचा भरला नाही, तिथली वायर पूर्ण बदलली.

नवीन बोर्ड बसला आणि आरसीसीबी सारखी पडू लागली. इथेच बहुतेक घरांत घात होतो : ‘ती खराब आहे’ म्हणून काढून टाकतात किंवा वायर वळवून तिला बाजूला ठेवतात. वायरमननी एकेक सर्किट सोडून शोध घेतला. भारनियमनाच्या काळात कुणीतरी इन्व्हर्टर जोडताना दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला होता. हॉलचा प्रवाह आरसीसीबीतून जायचा, परतायचा वेगळ्या वाटेने. तो न्यूट्रल सुटा केल्यावर फक्त कूलर लावला की ती पडे. पंपाची केबल पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. मागच्या मालकांनी भेट म्हणून ठेवलेला कूलर होता तो.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबते. कूलरचा प्लग काढल्याशिवाय कोणी टाकीत पाणी ओतत नाही. धुळ्याच्या घरची जुनी फळी अक्षय्य तृतीयेआधी उतरवायची, असं आईशी ठरलं आहे. वायरमननी तिकडची तारीखही दिली आहे.