काशीयात्रा नेमकी कोणाची?

माघी पौर्णिमा जवळ आली की जालंधरहून वाराणसीकडे भाविकांची विशेष रेल्वेगाडी निघते. या भाविकांचे मुख्य ठिकाण विश्वनाथ मंदिर नसते. काशी हिंदू विश्वविद्यालयालगतचे सीर गोवर्धनपूर हे संत रविदासांचे जन्मस्थान मानले जाते. तेथील मंदिराची पायाभरणी पंजाबातील डेरा सचखंड बल्लांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये झाली. २०२२ मध्ये रविदास जयंती १६ फेब्रुवारीला होती आणि तिच्यासाठी पंजाब विधानसभेचे मतदान १४ ऐवजी २० तारखेला घ्यावे लागले. मतदारच काशीला निघालेले असताना दुसरा पर्याय तरी कोणता होता? राजकीय पक्षांना या यात्रेचे वजन कळले आहे. इतर समाजाला ते कळले आहे, असे म्हणवत नाही.

ही यात्रा भक्तीची आहे, तशीच हक्काचीही. विश्वनाथाचे दार दलितांसाठी सहजासहजी उघडले नाही. समाजवादी नेते राजनारायण यांनी त्यासाठी आंदोलन केले. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. दलितांचा प्रवेश झाल्यानंतर करपात्री स्वामींनी काशीतच वेगळे विश्वनाथ मंदिर स्थापन केले. कायद्याने दार उघडले. मने मात्र दुसरे दार शोधत राहिली.

त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूची बौद्ध परिषद आटोपून काशीत आले. विद्यार्थ्यांपुढे बोलले, सारनाथला गेले. नागपूरची धम्मदीक्षा नुकतीच, १४ ऑक्टोबरला झाली होती. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महाराष्ट्रातील बौद्ध यात्रेकरूंसाठी सारनाथ त्यामुळे दुहेरी अर्थाचे आहे. श्राद्ध आणि गंगापूजनासाठी काशीला जाणारे मराठी कुटुंबही सारनाथ पाहते. सिंहशीर्षापुढे थांबते आणि परतते. ती शेवटची भेट त्याला सहसा कोणी सांगत नाही.

अमेरिकेत वेगळा प्रघात दिसतो. तेथील ज्यू प्रार्थनामंडळे गटागटाने अलाबामातील सेल्मा, माँटगोमेरी, बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याची स्थळे पाहण्यास जातात. १९६५ मध्ये रब्बी अब्राहम हेशेल सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत पहिल्या रांगेत होते. १९६४ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या तिघा कार्यकर्त्यांपैकी दोघे ज्यू होते. अर्थात, दक्षिणेतील अनेक ज्यूंनी त्या काळी मौन पाळले होते, हेही या प्रवासात टाळता येत नाही. मुद्दा असा की, ही मंडळी दुसऱ्याच्या जखमेच्या जागी जातात.

आपल्याकडे ज्याची जखम, त्याचीच यात्रा. २०२३ मध्ये रेल्वेने महू, नागपूर, सारनाथ जोडणारी आंबेडकर यात्रेची गाडी सुरू केली, हे स्वागतार्हच. पण तिच्यात दलितेतर कुटुंबे तिकीट काढून बसतात का, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राला हे परके असू नये. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून उपोषण केले. ते दार गुरुजींना स्वतःला कधीच बंद नव्हते.