घोडी दारात, म्हणून दाखला नाही

राहुरी तालुक्यातला एक सोळा वर्षांचा स्वार सध्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेतो आहे. त्याचे नाव-गाव येथे छापणार नाही. पोर अल्पवयीन आहे आणि त्याचा फोटो आधीच नको तितक्या मोबाइलवर फिरला आहे. पारनेर-जुन्नरकडच्या घाटांत बैलांपुढे बिनखोगिराची घोडी काढताना ज्यांनी त्याला पाहिले आहे, त्यांना नाव सांगायची गरजही नाही. या महिन्यात हरभरा आणि कडब्याच्या भावावर लिहायचे ठरले होते. तेवढ्यात त्याच्या वडिलांचे पत्र आले. त्यापाठोपाठ शेजारच्या तालुक्यांतून त्याच तक्रारीची आणखी पत्रे आली. म्हणून भावाचा विषय पुढच्या अंकात.

तक्रार उत्पन्नाच्या दाखल्याची आहे. घरात मोठे दुखणे आले की हा कागद सगळ्यांत आधी लागतो. वडील दाखल्यासाठी गेले, तेव्हा त्यांना तोंडावर विचारले गेले, "दारात घोडी बांधलीय आणि उत्पन्न कमी कसं म्हणता?" कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण ही समजूत एकाच टेबलावर बसलेली नाही. घोडा म्हणजे पाटीलकी, घोडा म्हणजे ऐट, हे चित्र अजून साहेबांच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

खरा हिशेब आपल्या वाचकांना पाठ आहे. वरातीची घोडी लग्नसराईत कमावते. आषाढी ते कार्तिकी लग्ने नाहीत, म्हणजे सुपारी नाही. खुराक मात्र रोजचा. हरभरा, गव्हाचा कोंडा, लसूणघास, नालबंदी, जंताचे औषध यांतले काहीही चातुर्मास पाळत नाही. घोडी ही मालमत्ता आहे, हे मान्य. पण दाखला उत्पन्नाचा मागितला आहे, मालमत्तेचा नाही. दोन संकरित गायी दारात असलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. मग घोडीवाल्यालाच का? चौकशी करायचीच तर वर्षाच्या सुपाऱ्या मोजा, खुराकाची बिले मोजा आणि जो आकडा निघेल तो लिहा. आमची मागणी एवढीच आहे.

हा एक कागद अडला की काय काय अडते, तेही ऐका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धनाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलाची ३ लाख ६० हजार. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे जा, तिथे मर्यादा १ लाख ६० हजार. म्हणजे १ लाख ७० हजारांचे घर एका दारात निर्धन आणि दुसऱ्या दारात अपात्र. मूल तेच, दुखणे तेच. शासनाने या दोन मर्यादा एक कराव्यात, यासाठी समिती नेमायची गरज नाही; एक आदेश पुरतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मात्र हा अडसर नाही. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले. पांढरे कार्ड आहे म्हणून परत फिरू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. आधी तिथे जा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. आपल्यातले कित्येक जण हे न विचारता आधी सावकाराकडे जातात आणि मग घोडी येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात उभी करतात. घरात आजारपण आहे, हे व्यापाऱ्याला चेहऱ्यावरून कळते. मग भाव तो ठरवतो.

मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलांमध्ये बरा होतो. यातला 'पूर्ण' हा शब्द जपा. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत पोर हिंडू-फिरू लागते, घरच्यांना वाटते झाले आता, आणि पुढच्या फेऱ्या चुकू लागतात. औषध योजनेतून मिळते, पण एसटीचे भाडे, मुंबईतला मुक्काम आणि बापाचा बुडालेला रोज कोणत्याच योजनेत बसत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रे आहेत; तिथे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत जावे लागते. मदत करायची असेल तर फोटो पुढे ढकलू नका. दर फेरीचे भाडे कोण देणार, हे वाटून घ्या.

आता यात्रा कमिट्यांसाठी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही उचलून धरला. त्या लढाईत हे मासिक तुमच्या बाजूने उभे होते. तेव्हापासून बक्षिसाला बुलेट आली, ट्रॅक्टर आले. घोडीवर बसणाऱ्या पोरासाठी काय आले? पशुधन विम्यात २०२४ पासून मालकाचा हिस्सा १५ टक्क्यांवर आला, म्हणजे घोडीचा विमा स्वस्तात निघतो. स्वाराचा कोण काढतो? वर्षाला २० रुपयांचा सरकारी अपघात विमा वयाच्या अठराव्या वर्षापासून मिळतो आणि त्यात आजारपण बसत नाही. खेळाडूंच्या राष्ट्रीय कल्याण निधीकडे बोट दाखवाल, तर तो नावाजलेल्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी आहे. घाटातल्या पोराला तिथे कोणी ओळखत नाही. बारीची फी घेणाऱ्या प्रत्येक कमिटीने त्यातला ठरावीक वाटा स्वारांच्या औषधपाण्यासाठी वेगळा ठेवला पाहिजे. पुढच्या हंगामात कोणी ठेवला आणि कोणी नाही, हे आम्ही गावाच्या नावासकट छापू.

पोराने वडिलांमार्फत एक प्रश्न विचारला आहे: परत बसता येईल का? उत्तर त्याच्या डॉक्टरांनी द्यायचे. प्लेटलेट कमी असताना साधे पडणेही जिवावर बेतते, म्हणून आज कोणी प्रेमापोटी त्याला घोडीवर बसवू नये. पण त्याला लिस हार्टेल या डॅनिश बाईंची गोष्ट जरूर सांगा. १९४४ मध्ये पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय गेले. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना माणूस लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, ड्रेसाजमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला त्या वर्षी, त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि चार वर्षांनी पुन्हा एकदा. टाचेचा दाब देता येत नसताना घोडी केवळ बैठकीच्या वजनावर आणि लगामावर कशी ऐकते, हे चांगल्या स्वाराला समजावून सांगावे लागत नाही.

त्याची घोडी सध्या खुंट्याला उभी आहे. उभी घोडी अंगाने फुगते आणि तोंडाने बिघडते, हे तुम्ही जाणता. राहुरी परिसरातल्या कोणीतरी तिला आपल्या तबेल्यात न्यावे, रोज फिरवावे, खुराक वाटून घ्यावा. मालकी मात्र पोराचीच राहील आणि तिच्या वरातीचे पैसे त्याच्या घरी जातील.

त्याला भेटायला जाणाऱ्यांनी तबेल्यातल्या कपड्यांवर जाऊ नये. बुरशी लागलेल्या कडब्याची धूळ तुम्हाला शिंकेपलीकडे काही करत नाही. केमोथेरपी चाललेल्या फुप्फुसात तीच बुरशी घर करते. आंघोळ करा, कपडे बदला, सर्दी असेल तर फोनवर बोला.

आणि प्लेटलेट. त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे आधी साठवून भागत नाही. दाता बोलावल्यावर यावा लागतो. वय अठराच्या वर, वजन निदान ५० किलो, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेले नसावे, आणि हाताशी दोन-तीन तास हवेत. खोगीर बांधणारे, नालबंद, टांगेवाले, घाटातले गाडामालक, ज्यांना जमेल त्यांनी रक्तगट आणि फोन नंबर या महिनाअखेरीपर्यंत आमच्या कार्यालयात कळवा. यादी छापली जाणार नाही, ती थेट त्याच्या वडिलांच्या हातात दिली जाईल. नगर-मनमाड रस्त्यावरच्या गावांतल्या तरुणांनी आधी नावे द्यावीत. रात्री फोन आला तर तेच लवकर पोहोचतील.